सुटी कोलंबसाच्या नावाची

ऑक्टोबर महिन्याचा दुसरा सोमवार उजाडला की अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टपाल कचेऱ्या, संघराज्य सरकारची दप्तरे आणि बहुतेक बँका बंद राहतात. कायद्याच्या पुस्तकात या सुटीचे नाव ‘कोलंबस दिन’ असे आहे. परंतु अनेक राज्यांत व शहरांत हाच सोमवार ‘मूळ रहिवाशांचा दिन’ म्हणून पाळला जातो. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी या दोन्ही दिनांचे जाहीरनामे काढले. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केवळ कोलंबस दिनाचा जाहीरनामा काढला. एकाच सोमवारी एका गल्लीत बँडबाजाची मिरवणूक निघते, तर दुसरीकडे त्याच माणसाच्या नावाने निषेधसभा भरते.

ही सुटी इतर सुट्यांसारखी नाही. नाताळ बाजूला ठेवला तर अमेरिकेच्या संघराज्याने एखाद्या व्यक्तीच्या नावाने दिलेल्या सुट्या तीनच आहेत: जॉर्ज वॉशिंग्टन, मार्टिन ल्यूथर किंग आणि ख्रिस्तोफर कोलंबस. लिंकनसारख्या पुरुषालाही हा मान मिळालेला नाही. मग ज्या माणसाने आजच्या संयुक्त संस्थानांच्या मुख्य भूमीवर कधी पाऊलदेखील ठेवले नाही, तो या तिघांच्या पंक्तीला कसा बसला, आणि तेथे बसण्याचा त्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. हा वाद सातासमुद्रापलीकडचा असला तरी आपल्याला अगदीच परका नाही. ‘कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला’ हे वाक्य आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी पाठ केले आहे. कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेमुळे तर कोलंबस मराठी मनात अजिंक्य जिद्दीचे प्रतीक होऊन बसला आहे. कवीला तो अधिकार आहे. कवी एखाद्या नावातून माणसाच्या आकांक्षेचे रूप उभे करतो. त्या नावाच्या धन्याचे चरित्र तपासून पाहण्याची त्याच्यावर सक्ती नसते. शासन जेव्हा सुटी जाहीर करते तेव्हा मात्र ते प्रतीकापुढे नव्हे, तर एका ऐतिहासिक व्यक्तीपुढे साऱ्या नागरिकांना मान लववायला सांगत असते. म्हणून तेथे चरित्राची तपासणी अटळ ठरते.

दंतकथेतील दर्यावर्दी

पृथ्वी सपाट आहे असे मानणाऱ्या अडाणी जगाशी झगडून कोलंबसाने ती गोल असल्याचे सिद्ध केले, ही कथा आपणही ऐकलेली आहे. ती खरी नाही. वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने १८२८ मध्ये लिहिलेल्या रसाळ चरित्रामुळे ती रूढ झाली. पंधराव्या शतकातील युरोपातल्या विद्वानांना पृथ्वी गोल असल्याचे ठाऊकच होते. त्यांचा आक्षेप अंतराविषयी होता. पश्चिमेकडून आशियाला पोहोचायचे तर वाटेतला समुद्र इतका विस्तीर्ण आहे की अन्नपाणी पुरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. कोलंबसाने पृथ्वीचा परीघ प्रत्यक्षापेक्षा बराच कमी धरला होता. मध्येच एक अज्ञात खंड आडवा आला म्हणून तो व त्याचे खलाशी वाचले.

याचा अर्थ तो सामान्य माणूस होता असा नव्हे. ३ ऑगस्ट १४९२ रोजी पालोस बंदरातून तीन लहान गलबते घेऊन निघावे, वाऱ्यांची दिशा अचूक हेरावी, कुरकुरणाऱ्या खलाशांना धीर द्यावा आणि १२ ऑक्टोबरला बहामा बेटांपैकी एका बेटाच्या किनाऱ्याला लागावे, हे कौशल्य असामान्यच होते. पुढे आणखी तीन वेळा त्याने तोच महासागर ओलांडला. नाविक म्हणून त्याची थोरवी त्याच्या कठोर टीकाकारांनाही नाकारता येत नाही. वाद आहे तो जमिनीवर उतरल्यानंतरच्या कोलंबसाविषयी.

करारनाम्यातील दहावा हिस्सा

या ठिकाणी एक बचाव हमखास पुढे येतो. सफर आणि कारभार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कारभारी म्हणून तो नालायक ठरला असेल, पण सुटी सफरीबद्दल आहे, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद सफरीपूर्वीच्या कागदपत्रांपुढे टिकत नाही. एप्रिल १४९२ मध्ये सान्ता फे येथे स्पेनच्या राजाराणीशी झालेल्या करारान्वये, सापडतील त्या प्रदेशांचा व्हाइसरॉय व गव्हर्नर होण्याचा हक्क आणि तेथील संपत्तीचा दहावा हिस्सा कोलंबसाने आधीच पदरात पाडून घेतला होता. सफर आणि सत्ता एकाच करारनाम्यात नोंदल्या गेल्या होत्या. ज्ञानाच्या ओढीने निघालेल्या निःसंग प्रवाशाचे चित्र या कागदाशी जुळत नाही.

किनाऱ्यावर त्याला जे लोक भेटले ते ताईनो जमातीचे होते. आपल्या बेटाला ते ग्वानाहानी म्हणत. कोलंबसाने त्याचे नाव बदलून सान साल्व्हादोर ठेवले आणि आपण आशियाच्या ‘इंडीज’ बेटांत आलो आहोत या समजुतीने तेथील रहिवाशांना ‘इंडियन’ म्हटले. त्याची ती चूक आपल्या मराठीतही ‘रेड इंडियन’ या शब्दाच्या रूपाने परवा-परवापर्यंत नांदत होती. हे लोक निःशस्त्र, सौम्य आणि उदार आहेत, असे त्याने आपल्या रोजनिशीत लिहिले. आणि पाण्याचा पिंप भरून घ्यावा तितक्या सहजतेने, पन्नास माणसांच्या बळावर या सर्वांना अंकित करून हवे ते काम करून घेता येईल, अशा आशयाची नोंदही पहिल्या दोन-तीन दिवसांतच केली.

दुसऱ्या सफरीत सतरा जहाजे व बाराशेहून अधिक माणसे होती. ती वसाहत करण्यासाठीच निघाली होती. अपेक्षेइतके सोने मिळेना, तेव्हा १४९५ मध्ये हिस्पॅनिओला बेटावर सुमारे पंधराशे ताईनो स्त्री-पुरुष-मुलांना पकडण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे पाचशे जणांना विक्रीसाठी स्पेनला रवाना करण्यात आले. त्यांतले दोनशेच्या आसपास वाटेतच मरण पावले व त्यांची प्रेते समुद्रात टाकण्यात आली. सोन्याच्या प्रदेशातील चौदा वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातील घुंगरू भरेल इतकी सोन्याची कणी द्यावी, असा कर बसवण्यात आला. नद्यांच्या वाळूत इतके सोने नव्हते. शेती सोडून लोक सोने धुंडू लागले, डोंगरांत पळाले, उपासमारीने मेले.

बेटावरची मूळ लोकसंख्या किती होती, याविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. अंदाज काही दशसहस्रांपासून कित्येक लाखांपर्यंत जातात. पण १५१४ च्या स्पॅनिश मोजणीत सुमारे सव्वीस हजारच माणसे कामाच्या वाटपासाठी उरली होती. या ऱ्हासाचे सारे खापर रोगांवर फोडण्याची रीत आहे. युरोपातून आलेल्या रोगांनी अमेरिकेत अपरिमित संहार केला हे खरेच. परंतु देवीची पहिली मोठी साथ या बेटावर १५१८ च्या अखेरीस आली. ताईनो समाजाचे कंबरडे त्यापूर्वीच मोडलेले होते. आज हरिकेन, कनू, हॅमॉक असे त्यांचे काही शब्द जगभर बोलले जातात, आणि पोर्तो रिको व क्युबा येथील काही कुटुंबे आपले नाते त्यांच्याशी सांगतात.

तत्कालीन साक्षीदार

‘पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या नीतीच्या तराजूत तोलू नये’ असा दुसरा आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. इतिहासाचा विद्यार्थी या सूत्राचा आदर करील. मात्र हे सूत्र मान्य केल्यावर पुढची पायरी टाळता येत नाही. आपला तराजू बाजूला ठेवून त्या काळचा तराजू हाती घेतला तर काय दिसते?

१५०० मध्ये राजाज्ञेने चौकशीला आलेल्या फ्रान्सिस्को दे बोबादिया याने कोलंबसाला व त्याच्या भावांना पकडून बेड्या घालून स्पेनला पाठवले. तक्रारदारांत खुद्द स्पॅनिश वसाहतवाले होते. बोबादिया निःपक्षपाती नव्हता, हे ध्यानात घेऊनही सांगितले पाहिजे की राजाराणीने कोलंबसाला मुक्त केले, पुन्हा सफरीवर जाऊ दिले, पण गव्हर्नरपद परत दिले नाही. त्याच वर्षी राणी इसाबेला हिने गुलाम म्हणून विकलेल्या बेटवासीयांना सोडवून मायदेशी पाठवण्याची आज्ञा दिली. राजसत्तेला पाझर फुटला होता असे समजण्याचे कारण नाही. वेठीची पद्धत तिच्याच संमतीने पुढे चालू राहिली. तथापि काहीतरी गैर घडत आहे, याची जाणीव त्या काळी कोणालाच नव्हती, हे म्हणणे मात्र यामुळे खोटे ठरते.

१५११ च्या डिसेंबरमध्ये अंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन धर्मोपदेशकाने सान्तो दोमिंगोच्या चर्चमध्ये, समोर बसलेल्या वसाहतवाल्यांच्या तोंडावर, ही माणसे नाहीत काय, असा प्रश्न विचारला. बार्तोलोमे दे लास कासास याचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. त्याचा बाप कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत होता. तो स्वतः वेठबिगारांचा मालक होता. १५१४ मध्ये त्याने आपल्याकडील माणसांवरचा हक्क सोडला आणि उरलेले दीर्घ आयुष्य त्यांच्या बाजूने लढण्यात घालवले. १५५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा वृत्तांत आजही वाचवत नाही. तोही निर्दोष नव्हता. बेटवासीयांना वाचवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असे त्याने एकदा सुचवले होते आणि त्याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला. कोलंबसाची पहिली रोजनिशी आज आपल्यापुढे आहे ती याच लास कासासने केलेल्या उताऱ्यामुळे. त्याला कोलंबसाविषयी आदर होता आणि तरीही त्याने त्याचे अपराध लिहून ठेवले. आजच्या वाचकाने यापेक्षा वेगळे काय करायचे असते?

सुटी कोणासाठी जन्मली?

एवढ्यावरून निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण सुटीचे समर्थन करणाऱ्यांची बाजू ऐकल्याशिवाय तो निकाल न्याय्य होणार नाही. ब्रिटिशांशी लढून स्वतंत्र झालेल्या वसाहतींना इंग्रज नसलेला पूर्वज हवा होता, तो त्यांना कोलंबसात सापडला. राजधानीच्या प्रदेशाला आणि न्यूयॉर्कच्या विख्यात विद्यापीठाला ‘कोलंबिया’ हे नाव मिळाले ते त्यामुळेच. पण सुटीमागची खरी शक्ती होती ती इटलीहून आलेल्या गरीब स्थलांतरितांची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे लोक अमेरिकेत घाणेरडे, गुन्हेगार आणि पोपचे हस्तक म्हणून हिणवले जात. मार्च १८९१ मध्ये न्यू ऑर्लीन्स शहरात एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाच्या खटल्यानंतर, ज्यांच्यावरील आरोप शाबीत झाले नव्हते अशांसह अकरा इटालियनांना जमावाने तुरुंगात घुसून ठार मारले. पुढच्याच वर्षी, चारशेव्या वर्षानिमित्त, राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी देशभर कोलंबसाचे स्मरण करण्याचा जाहीरनामा काढला. इटालियनांनी तो संदेश अचूक ओळखला. ज्या देशाचा उगम आमच्या माणसापासून झाला असे तुम्ही म्हणता, त्या देशात आम्ही उपरे कसे, असे त्यांना आता विचारता येणार होते. १९०७ मध्ये कोलोरॅडो राज्याने या दिवसाला कायदेशीर सुटीचा दर्जा दिला, १९३४ मध्ये काँग्रेसच्या ठरावानुसार राष्ट्रीय स्मरणदिन सुरू झाला, आणि १९६८ च्या कायद्याने १९७१ पासून ती संघराज्याची सुटी झाली.

म्हणजे ही सुटी जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना हिणवण्यासाठी काढली नव्हती. एका अपमानित समाजाने मानाची जागा मिळवण्यासाठी ती मिळवली होती. वादाची खरी अडचण येथे आहे. मात्र ज्यांच्या पूर्वजांच्या विनाशाचा आरंभ १२ ऑक्टोबरला झाला, त्यांची आठवण हा मान देताना कोणालाच झाली नाही. कोलोरॅडोने सुटी दिली तेव्हा अमेरिकेतील अनेक आदिवासींना नागरिकत्वही नव्हते. ते सर्वांना मिळाले १९२४ च्या कायद्याने. १८९३ मध्ये कोलंबसाच्या सन्मानार्थ शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरले, त्याच्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच प्रदर्शनाच्या वेळी पोटावाटोमी जमातीचा सायमन पोकागॉन हा पुढारी भूर्जाच्या सालीवर छापलेली एक छोटी पुस्तिका घेऊन आला होता. हा उत्सव आमच्या अंत्यविधीचा आहे, असा तिचा आशय होता. विरोधाचा हा सूर अलीकडच्या चळवळीतून जन्मला, अशी समजूत असणाऱ्यांनी ही पुस्तिका लक्षात ठेवावी.

कसोटी कोणती?

मग वॉशिंग्टनचे काय? त्याच्या पदरीही गुलाम होते. आज कोलंबस गेला, तर उद्या वॉशिंग्टन जाईल, परवा आणखी कोणी. निष्कलंक माणूस आणायचा कोठून? ही भीती अनाठायी नाही. निर्दोषत्व हीच अट घातली तर जगातील एकही चौथरा पुतळ्यासह उभा राहणार नाही.

माझ्या मते कसोटी वेगळी असावी. ज्या कृत्यासाठी आपण एखाद्याला मान देतो, तेच कृत्य अन्यायाचे साधन होते काय, हे पाहावे. वॉशिंग्टनला मान मिळतो तो प्रजासत्ताक उभे करण्यासाठी आणि दोन कारकिर्दींनंतर स्वेच्छेने सत्ता सोडण्यासाठी. गुलामगिरी हा त्याच्या चरित्रावरचा मोठा कलंक आहे, तो शाळेत शिकवला गेला पाहिजे. पण मान त्या कलंकासाठी दिलेला नाही. कोलंबसाच्या बाबतीत ही फारकत करता येत नाही. नवी भूमी गाठणे, तिच्यावर ध्वज रोवून ती आपली म्हणणे, तेथील माणसांना संपत्तीत मोजणे, हे सारे त्याच्या दृष्टीने एकच काम होते आणि करारनाम्यात ते तसेच लिहिलेले होते. या कसोटीवर तो उतरत नाही.

उपवासाचे ताट

याला आणखी एक उत्तर दिले जाते. त्याच्या सफरीने दोन गोलार्ध जोडले गेले, जगाचे रूप पालटले, मग त्याचे ऋण मान्य करायला नको काय? जग पालटले यात शंका नाही. आपल्याच घरातील एकादशीचे ताट पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, त्यातले शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, सगळे मूळचे अमेरिकेतले. पेरू, सीताफळ, अननस, काजू हेही तिकडचेच. कोलंबस निघाला मिऱ्याच्या शोधात आणि त्याला सापडली मिरची. स्पॅनिश भाषेने मिऱ्याच्याच नावावरून तिचे नाव पाडले, आणि मराठीनेही अगदी तसेच केले.

पण या देणगीचा दाता कोण? मका, बटाटा, मिरची ही पिके हजारो वर्षे निवडून, जोपासून ज्यांनी तयार केली ते अमेरिकेतील अनाम शेतकरी. ऋण मानायचेच तर प्रथम त्यांचे मानले पाहिजे. एखाद्या घटनेचे परिणाम अफाट असणे हे तिच्या अभ्यासाचे कारण आहे. ते तिच्या कर्त्याच्या गौरवाचे कारण आपोआप होत नाही. अन्यथा प्लासीच्या लढाईने आपला इतिहास पालटला म्हणून क्लाइव्हच्या नावाने आपण सुटी दिली असती.

क्लाइव्ह दूरचा वाटत असेल तर वास्को द गामा घ्यावा. १५०२ मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज त्याने माणसांसकट जाळले. १९९८ मध्ये त्याच्या कालिकतला येण्याला पाचशे वर्षे झाली तेव्हा लिस्बनने त्याच्या नावाच्या भव्य पुलाचे उद्घाटन केले. इकडे मात्र तो प्रसंग साजरा करण्याच्या कल्पनेला गोव्यात व केरळात विरोध झाला. तरीही गोव्यातील त्याच्या नावाचे शहर त्याच नावाने ओळखले जाते आणि कोणाचे काही बिघडत नाही. शहराचे नाव हा इतिहासाचा गाळ असतो. तो आपोआप साचतो. सुटी मात्र दरवर्षी नव्याने दिली जाते, म्हणून तिची जबाबदारीही दरवर्षी नवी असते.

नाव बदलून काय साधेल?

ज्या बहामा बेटांवर कोलंबस प्रथम उतरला, त्या देशाने आपला ‘शोध दिन’ रद्द करून २०१३ पासून त्या जागी ‘राष्ट्रीय वीर दिन’ आणला. व्हेनेझुएलाने २००२ मध्ये १२ ऑक्टोबरला आदिवासी प्रतिकाराचा दिन ठरवले. संयुक्त संस्थानांत साउथ डकोटा राज्याने १९९० पासून आणि बर्कली शहराने १९९२ पासून नवे नाव स्वीकारले. २०२० च्या उन्हाळ्यात रिचमंड, बॉल्टिमोर आदी शहरांत कोलंबसाचे पुतळे जमावाने ओढून पाण्यात टाकले. तो मार्ग मला मान्य नाही. ज्या गोष्टीचा निर्णय सभागृहात चर्चा करून घेता येतो तो दोरखंडाने घेतला की पराभूत बाजूला विचार बदलण्याचे कारणच उरत नाही, आणि अकरा बळींची स्मृती बाळगणाऱ्या इटालियन समाजाला पुन्हा एकदा जमावच दिसतो.

न्यूयॉर्क शहराच्या शाळाखात्याने २०२१ मध्ये आपल्या दिनदर्शिकेत या दिवसाला ‘इटालियन वारसा दिन’ आणि ‘मूळ रहिवाशांचा दिन’ अशी जोडनावे दिली. दोन्ही बाजूंनी त्यावर कुरकुर झाली. मला मात्र त्यात शहाणपण दिसते. इटालियनांचा मान कोलंबसावाचून राहू शकतो. त्यांनी बांधलेले रस्ते, इमारती आणि संसार हेच त्याचे आधार आहेत. आणि आदिवासींनाही केवळ एका सोमवारचे नाव देऊन ऋणमुक्त होता येणार नाही. जमिनीचे मोडलेले करारनामे, पाण्याचे हक्क, मरणपंथाला लागलेल्या भाषा हे प्रश्न दुसऱ्या मंगळवारीही तसेच असतात. आपल्याकडे ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतात, भाषणे होतात, आणि वनहक्काचे दावे मात्र कचेऱ्यांत पडून राहतात, हे पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको.

तेव्हा कोलंबसाच्या नावाची सुटी असू नये, पण १२ ऑक्टोबर विसरलाही जाऊ नये, असे माझे मत आहे. ती तारीख शाळेत शिकवावी, नाविकाच्या धैर्यासह आणि गव्हर्नरच्या करासह. निर्णय अर्थातच अमेरिकन काँग्रेसचा आहे. पण आपल्या शिक्षकांच्या हाती एक लहानसा निर्णय आहे, आणि त्यासाठी कोणत्याही विधिमंडळाची परवानगी लागत नाही. ‘अमेरिकेचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न वर्गात विचारताना ‘कोणासाठी?’ हा एक शब्द त्यात घालून पाहावा. मुले उत्तर शोधू लागतील, आणि ग्वानाहानीच्या किनाऱ्यावर त्या सकाळी आधीपासून कोणीतरी उभे होते, हे त्यांना सांगावे लागणार नाही.